तिजोरीची दुसरी किल्ली

१९८३ साली मी बँकेत अधिकारी म्हणून लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. शाखेची तिजोरी उघडायला दोन किल्ल्या लागत. एक माझ्या ताब्यात, दुसरी हेड कॅशियरच्या. हे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे. किल्ली करगोट्याला बांधलेली असे आणि आंघोळीलाही ते ती सोडत नसत, असे शाखेत सांगितले जाई. सकाळी आम्ही दोघांनी मिळून तिजोरी उघडायची, संध्याकाळी रोकड जुळली की दोघांनी मिळून बंद करायची. दोघांपैकी कुणाला ताप आला, तर किल्ली तिसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी रजिस्टरात सह्या होत. जादा किल्ल्यांचा जोड सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे आणि तोही ठरावीक मुदतीने बदलून आणावा लागे. पंचविशीत मला या सगळ्याचा भारी कंटाळा यायचा. एकदा मी म्हणालो, ‘‘काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. दोन्ही किल्ल्या तुम्हीच ठेवा ना.’’ ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, मला झोप लागावी असं वाटतं ना तुम्हाला?’’

त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला चाळीस वर्षे जावी लागली. तो कळला एका पतसंस्थेच्या स्टेशनरीच्या खोलीत.

निवृत्तीनंतर मी आमच्या गावातल्या पतसंस्थेत संचालक झालो. तिचे नाव मी सांगत नाही. जे सांगणार आहे ते आम्हाला भूषणावह नाही आणि त्या दोषात मीही वाटेकरी आहे. संस्थेच्या तिजोरीत रोकड फार नसते, दिवसाच्या व्यवहारापुरती असते. सभासदांच्या ठेवी, पेन्शनरांनी पाच वर्षांसाठी गुंतवलेले पैसे, सोनेतारणाची कर्जे, हे सारे नोंदींच्या रूपाने असते. या नोंदी पूर्वी खतावणीत असत. आता त्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर म्हणजे बाकीच्या संगणकांना माहिती पुरवणारा, रात्रंदिवस चालू राहणारा मोठा संगणक. आमचा सर्व्हर उभ्या सुटकेसएवढा. पूर्वी पासबुके आणि पावतीपुस्तके ठेवायचो त्या खोलीत तो असतो, वर एसी आणि एसीखाली पाणी गोळा करायला बादली. त्याची देखभाल करणारा एकच तरुण आहे, पॉलिटेक्निकमधून पदविका घेतलेला. सारी कचेरी त्याला ‘सिस्टीमवाला’ म्हणते. हा सर्व्हर कसा चालतो, कुठले बटण कधी दाबायचे, पासवर्ड काय, हे त्या एकट्याला ठाऊक. संचालक मंडळात आम्ही तेरा जण. तिजोरीच्या दोन किल्ल्या कुणाकडे आहेत हे आम्हा तेराही जणांना माहीत होते. या तिसऱ्या किल्लीबद्दल कधी कुणी विचारलेच नव्हते.

२०२४ च्या दिवाळीत माझा भाचा घरी आला. तो ठाण्याला राहतो आणि असे शेकडो सर्व्हर सांभाळणे हाच त्याचा व्यवसाय आहे. फराळ करता करता मी कौतुकाने म्हणालो, की आमचाही सर्व्हर लिनक्सचा आहे, त्याला व्हायरस लागत नाही. भाच्याने चकली खाली ठेवली. ‘‘मामा, लिनक्स कुठलं?’’ मला काय ठाऊक! फोन करून विचारले. उत्तर आले, ‘सेंटओएस सात’. ‘‘ते तर जूनमध्येच संपलं,’’ भाचा म्हणाला.

इथे थोडे मागे जायला हवे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक संगणक-प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स. ती कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि पुढे द्यावी, अशा परवान्याखाली ती खुली झाली. आज जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक तिच्यावर चालतात, शेअर बाजार चालतात, आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तीच असते. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडे या बाबतीत फार गोंधळ झाला. मराठीत दोन वेगळे शब्द असूनही आमच्या संचालक मंडळाने त्यातला पहिलाच ऐकला.

मुक्त असलेली वस्तूही कुणीतरी सांभाळावी लागते. १९९३ साली स्थापन झालेल्या रेड हॅट या अमेरिकी कंपनीने हे ओळखले. प्रणाली मुक्त, पण तिची चाचणी, दुरुस्त्या आणि दहा वर्षांची हमी यांचे पैसे, असा तिचा धंदा. आयबीएमने २०१९ साली ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरून ‘फुकट’ मालाची किंमत कळावी. ज्यांना हे पैसे परवडत नसत, किंवा द्यायचे नसत, त्यांच्यासाठी त्याच मूळ संहितेवरून काही मंडळींनी सेंटओएस बांधले. पतसंस्था, महाविद्यालये, छोटे कारखाने यांनी ते आनंदाने घेतले. पुढे हा प्रकल्पही रेड हॅटच्या छत्राखाली आला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत मिळणारा आधार २०२१ च्या अखेरीसच थांबेल. सातवी आवृत्ती मात्र तिच्या ठरल्या तारखेला, ३० जून २०२४ रोजी संपली. संपली म्हणजे बंद पडली नाही. यंत्र सुरूच राहते, पासबुके छापली जातात, व्याज बरोबर लागते. फक्त त्यानंतर सापडणाऱ्या भोकांना ठिगळ मिळत नाही. आमचा सर्व्हर चार महिने तसा चालू होता. बिघडलेले यंत्र ओरडते तरी. हे गपगुमान काम करत होते.

दुसऱ्या दिवशी पाडव्याची सुट्टी असूनही मी भाच्याला घेऊन संस्थेत गेलो. सिस्टीमवाला आला, थोडा नाराजीनेच. भाच्याने ‘सिक्युअर’ नावाची एक नोंदवही पडद्यावर उघडली. सर्व्हरच्या दारावर कोण आले, कुणाला आत घेतले, कुणाला परत पाठवले, याची ही नोंद असते. पडदा सरसर वर सरकू लागला. रात्री दोन वाजून चार मिनिटांनी ‘रूट’ या नावाने कुणी दार वाजवले, पासवर्ड चुकला. तीन सेकंदांनी पुन्हा. मग ‘अ‍ॅडमिन’, मग ‘टेस्ट’, मग ‘ओरॅकल’. एका रात्रीत असे काही हजार प्रयत्न. मी घाबरून विचारले, ‘‘आमच्या संस्थेवर कुणाचा डोळा आहे?’’ भाचा म्हणाला, ‘‘कुणाचाच नाही. तुम्ही कोण हे त्यांना माहीतही नाही. यंत्रं सगळ्या जगाची दारं वाजवत फिरतात. उघडं सापडलं की मग बघतात आत काय आहे ते.’’ मला आमच्या लहानपणीचे भुरटे चोर आठवले. गल्लीतल्या प्रत्येक कडीला हात लावत जायचे.

हे दार म्हणजे ‘एसएसएच’. दूर बसून सर्व्हरवर काम करायची ही सुरक्षित वाट. फिनलंडमध्येच विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड चोरल्यानंतर तातू यलोनेन या संशोधकाने ती १९९५ मध्ये तयार केली. तिच्यात पासवर्डऐवजी किल्लीची सोय आहे. ती बँकेतल्या नमुना सहीसारखी चालते. सहीचा नमुना सर्व्हरकडे ठेवायचा. सही करणारा हात मात्र आपल्यापाशी. सर्व्हर दर वेळी नवा कागद पुढे करतो, आपण सही करतो, तो नमुन्याशी ताडून पाहतो. पासवर्ड तारेवरून जातच नाही, म्हणजे कुणी अंदाजाने ठोकण्याचा प्रश्न संपला. ही सोय आमच्या सर्व्हरवर होती, वापरात नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ‘रूट’ला बाहेरून थेट प्रवेश होता. रूट म्हणजे सर्वाधिकारी. त्याला कुठलीही नोंद खोडता येते, अगदी आपण खोडल्याची नोंदसुद्धा. बँकेत असा अधिकारी कुणी कल्पिलाही नव्हता. आमच्याकडे त्या एका नावाने सिस्टीमवाला काम करी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीची माणसेही करीत. पासवर्ड सर्वांना एकच. नोंदवहीत ‘रूटने केले’ एवढेच दिसणार. कोणत्या हाताने केले, ते कळायचा मार्ग नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या प्रणालींमध्ये ‘एसईलिनक्स’ नावाचा एक पहारेकरी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली तो खुला केला. त्याचे काम असे, की एखादा प्रोग्रॅम आत शिरला तरी त्याने आपल्याच टेबलाशी बसायचे. पासबुक छापणाऱ्याने कर्जाच्या कपाटाला हात लावला तर हा पहारेकरी त्याला अडवतो, मग त्याच्याकडे कुणाचीही चिठ्ठी असो. आमच्याकडे तो बंद होता. का? तर सॉफ्टवेअर बसवताना तो मध्ये मध्ये अडवू लागला, म्हणून कंपनीच्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याला घरी पाठवले. मला हसूही आले आणि लाजही वाटली. एका शाखेत रात्री-बेरात्री तिजोरीचा सायरन वाजायचा. उंदीर तारेवरून पळायचे. गावकरी वैतागले, पोलीस पाटील वैतागला, शेवटी मॅनेजरने वायर काढून ठेवली. उंदीर पकडायचे कुणाला सुचले नाही. तो मॅनेजर कोण हे सांगायला नको. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

हे सारे एका गावच्या पतसंस्थेचे रडगाणे असते तर मी वाचकांचा रविवार घेतला नसता. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना मान्यता देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली, २८ देशांतून एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. पुण्याच्या मित्रांचे फोन अजून आठवतात. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे, त्यांत बहुतांश सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, ऑनलाइन व्यवहार एकाएकी थांबले. या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला होता. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला उरलेल्या जाळ्यापासून तोडले आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा-कंपनीने नंतर जो माग काढला, त्यानुसार चोर एका सहयोगी कंपनीच्या नीट न मांडलेल्या सर्व्हरवरून आत आले. तिथल्या ‘जेनकिन्स’ या प्रोग्रॅममधले भोक जानेवारीतच जाहीर झाले होते, त्याचे ठिगळही जानेवारीतच उपलब्ध होते. मधले सहा महिने ते कुणी लावले नव्हते.

ते का लावले गेले नसेल? अशा वेळी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द पटकन हाताशी येतो. मला तो पुरेसा वाटत नाही. ठिगळ लावणे म्हणजे यंत्र काही काळ बंद ठेवणे. ते रात्री करावे लागते. बिघडले तर सकाळी काउंटरवर रांग असते आणि शिव्या लावणाऱ्याला बसतात. न लावले तर कुणी काही म्हणत नाही. शिवाय हे काम कुणाला दिसत नाही. वार्षिक अहवालात त्याला ओळ नसते. त्यामुळे जो हे करतो तो एकटाच करतो आणि बहुधा दमलेला असतो. या दमलेल्या एकट्या माणसाचे काय होऊ शकते, हे सांगणारी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. ती मराठी वृत्तपत्रांत कोपऱ्यात येऊन गेली. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी होती.

‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे साधन आहे. फाइली दाबून लहान करायचे काम ते करते. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ते असते आणि कुणाला ठाऊक नसते, सायकलच्या चाकातल्या छर्‍यांसारखे. ते अनेक वर्षे फिनलंडमधला लासे कॉलिन नावाचा एक गृहस्थ सांभाळत होता. पगार नाही, कचेरी नाही, फावल्या वेळचे काम. २०२१ च्या सुमारास जिया टान हे नाव घेतलेला कुणी मदतीला आला. त्याने दुरुस्त्या पाठवल्या, त्या चांगल्या होत्या. २०२२ मध्ये आणखी काही नावे पुढे आली, त्यात ‘जिगर कुमार’ असे एक नाव होते, आणि या सर्वांनी कॉलिनच्या मागे टुमणे लावले: काम फार सावकाश चालले आहे, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला जबाबदारी दे. कॉलिनने जाहीरपणे सांगितले, की आपली मानसिक प्रकृती बराच काळ ठीक नाही आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे. तरी टुमणे थांबले नाही. हळूहळू प्रकल्पाच्या किल्ल्या जिया टानच्या हाती आल्या. ज्यांनी आग्रह केला ती नावे नंतर कुठे दिसली नाहीत. ती खोटी होती, असेच आज जाणकार मानतात.

या जिया टानने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिकपणे काम केले. कादंबरीकार म्हणून मी त्याला दाद देतो. आम्हाला खलनायकाला दोन प्रकरणे सज्जन दाखवायचाही धीर निघत नाही. मग फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधल्या दोन आवृत्त्यांत त्याने एक चोरदरवाजा बसवला. एक्सझेडचा एसएसएचशी तसा काही संबंध नाही. पण काही लिनक्सांमध्ये दारावरच्या पहारेकऱ्याच्या मदतनिसाचा मदतनीस म्हणून ते आत जाते, तेवढी फट त्याला पुरली. चोरदरवाजा चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत दडवला होता. त्याला कुलूपही पक्के होते: ज्याने बसवला त्याच्याच किल्लीने उघडणारे. नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून गळ घालणारेही पुढे आले. फेडोरा, डेबियन वगैरेंच्या चाचणीच्या आवृत्त्यांत ती पोचली. मोठ्या कंपन्या आणि बँका वापरतात त्या पक्क्या आवृत्त्यांत अजून पोचायची होती.

ते सापडले कसे, हे ऐकून मी थक्क झालो. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता स्वतःच्या डेटाबेसच्या कामासाठी मोजमापे घेत होता. त्याला दिसले, की सर्व्हरवर प्रवेश करायला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत, ते आता ०.८ लागत आहेत. अर्धा सेकंद! आपण पापणी मिटून उघडतो, फार तर दोनदा. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. धागा धरून तो मागे गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सारे जाहीर केले. या दोषाला गांभीर्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. जिया टान कोण होता, एक माणूस की टोळी की एखादे सरकार, हे आजवर उघड झालेले नाही.

आमच्या हिशेब विभागात असाच एक कारकून होता. सकाळी सर्वांच्या आधी यायचा, सर्वांच्या नंतर जायचा. सात वर्षे त्याने एक दिवस रजा घेतली नाही. मुख्यालयातून त्याचे कौतुकाचे पत्र आले होते आणि ते फ्रेम करून लावले होते. मग त्याला कावीळ झाली. बदली आलेल्या मुलीला तिसऱ्या दिवशी काही खाती जुळेनात. त्याने अनेक निष्क्रिय बचत खात्यांतून थोडे थोडे पैसे काढले होते आणि रोज आकडे इकडचे तिकडे करून ते झाकत होता. रजा घेणे त्याला परवडतच नव्हते. अनुभवी बँकवाल्यांना हा प्रकार चांगला परिचित आहे. म्हणूनच संवेदनशील जागांवरच्या माणसांना दरवर्षी आगाऊ न कळवता सक्तीची रजा द्या, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे; २०२१ साली ती किमान सलग दहा कामाच्या दिवसांची ठरली, आणि त्या काळात त्या माणसाला कामाच्या यंत्रणेत प्रवेश नसावा असेही सांगितले.

पण गंमत पाहा. आमच्या सिस्टीमवाल्यानेही चार वर्षांत रजा घेतली नव्हती. दोन माणसे बाहेरून अगदी सारखी दिसतात: एक रजा घेऊ शकत नाही कारण तो चोरी झाकतो आहे, दुसरा घेऊ शकत नाही कारण त्याच्या जागी बसणारे कुणी नाही. आम्ही चार वर्षे या दुसऱ्यालाही ‘कष्टाळू पोरगा’ म्हणत होतो आणि दर दिवाळीला मिठाईचा पुडा देत होतो. कॉलिनच्या बाबतीत सगळ्या जगाने हेच केले, मिठाईचा पुडा वगळून.

भाच्याने दुरुस्त्यांची यादी दिली. रूटचा थेट प्रवेश बंद. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आत येऊन, लागेल तेवढाच अधिकार नोंद करून वापरायचा. पासवर्डऐवजी किल्ली. पुरवठादाराला हवे तेव्हा दार उघडून द्यायचे, काम झाले की बंद. पहारेकरी परत कामावर. जुनी प्रणाली काढून अल्मालिनक्सची नववी आवृत्ती, जिला २०३२ पर्यंत सुरक्षेची ठिगळे मिळणार आहेत. आणि दोन माणसांकडे किल्ल्या. शेवटच्या मुद्द्याला सिस्टीमवाला उठून उभा राहिला. ‘‘साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?’’ त्याचे डोळे भरून आले होते. चार वर्षे रात्री-अपरात्री हाक मारली की धावत आलेला मुलगा तो. मला हेड कॅशियर काका आठवले. मी त्याला करगोट्याची ती गोष्ट सांगितली. उद्या रात्री काही पैसे गेले, तर पोलीस पहिल्यांदा कुणाच्या घरी येतील, असेही विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बाबांना गेल्या वर्षी अ‍ॅडमिट केलं होतं, तेव्हा मी दवाखान्यातून लॅपटॉपवर डे-एंड करत होतो.’’ आम्हा तेरा जणांपैकी हे कुणाला ठाऊक नव्हते.

बॅकअपचे राहिलेच. रोज रात्री सर्व नोंदींची प्रत एका जादा डिस्कवर पडते, असे आम्हाला दर बैठकीत सांगितले जाई आणि ते खरे होते. भाच्याने विचारले, त्या प्रतीवरून संस्था पुन्हा उभी करून पाहिली आहे का? नव्हती. एका जुन्या संगणकावर प्रयोग केला. मार्च २०२३ पर्यंतच्या नोंदी उघडल्या. त्यानंतरच्या फाइली होत्या, तारखा होत्या, आत काही नव्हते. डिस्क भरली होती. दीड वर्ष दर रात्री आम्ही रिकामी पाकिटे जपून ठेवत होतो. शिवाय ती डिस्क कायम सर्व्हरलाच जोडलेली, म्हणजे खंडणीखोर आत आला असता तर तिलाही कुलूप लावून गेला असता. संचालक मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा, ‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर खर्च कशाला’ म्हणणारे सदस्यही गप्प झाले.

सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीही येत नाहीत, सहकार खात्याच्या येतात. आमचे लेखापरीक्षण दरवर्षी होते. लेखापरीक्षक खुर्च्यांचा घसारा विचारतात, स्टॅम्पपेपर मोजतात; सर्व्हरवर शेवटचे ठिगळ कधी लागले, किल्ल्या किती जणांकडे आहेत, बॅकअप उघडून पाहिला का, हे आजवर एकाही लेखापरीक्षकाने विचारलेले नाही. या तीन प्रश्नांना संगणकाचे ज्ञान लागत नाही. शाखा तपासणीला आलेला जुना निरीक्षक हेच विचारायचा, शब्द वेगळे असायचे. प्रत्येक संस्थेला भाचा परवडणार नाही हे मलाही कळते. पण एका तालुक्यातल्या आठ-दहा संस्थांनी मिळून दोन माणसे नेमली, चांगल्या पगारावर, आळीपाळीने रजा देऊन, तर ते अवघड नाही. सहकार हा शब्द आपण पाटीवर लिहितोच. मी हा प्रस्ताव शेजारच्या चार संस्थांना पाठवला. एकीकडून उत्तर आले. विचाराधीन आहे, असे.

दुसरी किल्ली आम्ही कर्ज विभागातल्या एका कर्मचारी बाईंना दिली. आधी त्या नको म्हणाल्या. दोन महिने सिस्टीमवाल्याजवळ बसून त्यांनी एक वही केली, चौकटीच्या कागदाची, मराठीत. २०२५ च्या मे महिन्यात तो दहा दिवसांच्या रजेवर गेला, आईवडिलांना घेऊन कोकणात. त्यातल्या रविवारी ठिगळे लावायची होती. सकाळी सात वाजता बाईंचा फोन आला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आहे आणि पडदा काळाच आहे. मला त्यातले काही कळत नाही, त्यांनाही भीती वाटत होती. आम्ही दोघे फोन कानाला लावून नुसते थांबलो. चार मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘‘आलं साहेब.’’ त्यांनी रजिस्टरात वेळ लिहिली आणि सही केली. रजेवरून परतल्यावर सिस्टीमवाल्याने ते पान वाचले. त्याखाली त्याने स्वतःची सही केली.

त्याच्या पगारवाढीचा विषय मात्र अजून मंडळापुढे आलेला नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी तो घातला आहे. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाका, असे सचिव म्हणत होते. मी तो तिसऱ्या क्रमांकावर घ्यायला लावला.